दूर आणि लांब : विमानमार्गाच्या अंतराविषयी एक भाषिक विवेचन

१. प्रश्नाचे स्वरूप

जुन्या मुंबई-पुणे रस्त्यावर, पिंपरी-चिंचवडच्या वायव्य टोकाशी निगडी ही वस्ती आहे. चाकण, तळेगाव आणि भोसरी येथील कारखान्यांत काम करणारी हजारो माणसे येथे राहतात. आणि या कारखान्यांपैकी काहींचे मूळ जर्मनीत असल्यामुळे निगडीतल्या कित्येक घरांना फ्रँकफुर्ट किंवा श्टुटगार्ट ही नावे परकी राहिलेली नाहीत. अशा एखाद्या घरात ‘फ्रँकफुर्ट येथून किती लांब आहे?’ असे विचारले असता तीन प्रकारची उत्तरे मिळणे संभवते. कोणी म्हणेल, ‘साडेसहा हजार किलोमीटरांच्या वर.’ कोणी म्हणेल, ‘नऊ तास.’ आणि ज्याचा मुलगा तेथे स्थायिक झाला आहे असा वृद्ध गृहस्थ म्हणेल, ‘आता कसले लांब! रात्री निघाले की सकाळी पोचते.’

ही तिन्ही उत्तरे एकाच प्रश्नाची म्हणून दिली जातात. वस्तुतः ती तीन वेगळ्या प्रश्नांची उत्तरे आहेत. पहिल्यात पृथ्वीच्या पृष्ठभागावरील दोन बिंदूंचा परस्परसंबंध सांगितला आहे, दुसऱ्यात एका विशिष्ट मार्गाने होणाऱ्या प्रवासाचा काळ सांगितला आहे, तर तिसऱ्यात त्या प्रवासाचा माणसाच्या जीवनावर पडणारा भार सांगितला आहे. व्यवहारात हा घोटाळा फारसा बाधत नाही. परंतु ज्या शास्त्रात ‘अंतर’ ही संज्ञा मोजमापाचे साधन म्हणून वापरली जाते, त्या शास्त्रात तो बाधतो. बोलींच्या अभ्यासात दोन गावांमधील अंतर आणि त्या गावांच्या बोलींमधील भेद यांचे नाते तपासण्याची पद्धत आता रूढ झाली आहे. तेथे ‘अंतर’ या नावाखाली नेमके काय मोजले, हे स्पष्ट न केल्यास निष्कर्षच चुकीचा ठरण्याचा संभव असतो. प्रस्तुत लेखात दूरच्या विमानतळांची उदाहरणे घेऊन या संज्ञेचे घटक वेगळे करून दाखविण्याचे योजिले आहे. विमानाचे उदाहरण घेण्याचे कारण उघड आहे : डोंगर, नदी, दलदल यांचा अडसर विमानाला नसतो, म्हणून त्याचे अंतर निखळ असावे असा समज असतो. तो समज कितपत खरा आहे हे पाहावयाचे आहे.

२. शब्दांची साक्ष

अंतर मोजण्याचे मराठीतील जुने शब्द पाहिले असता एक गोष्ट प्रथमदर्शनीच ध्यानात येते. ‘कोस’ हा शब्द संस्कृत ‘क्रोश’ यापासून आलेला असून त्याच्या मुळाशी ‘क्रुश्’ म्हणजे ओरडणे, हाक मारणे हा धातू आहे. आजही ‘हाकेच्या अंतरावर’ असे आपण म्हणतो, तेव्हा त्याच कल्पनेची पुनरुक्ती करीत असतो. ‘योजन’ या शब्दाच्या मुळाशी ‘युज्’ म्हणजे जोडणे हा धातू आहे. एकदा जू जोडले की जेवढी वाट चालून होते तेवढे योजन. ‘मजल’ हा शब्द अरबी ‘मंझिल’ यावरून आला, आणि त्याचा मूळ अर्थ वाहनावरून उतरण्याचे ठिकाण असा आहे. ‘मैल’ इंग्रजीतून आला असला तरी त्याचे मूळ लॅटिनमधील ‘हजार पावले’ या शब्दप्रयोगात आहे. हाक, जू, उतरणे आणि पाऊल : ही सर्व मापे माणसाच्या किंवा जनावराच्या शरीराशी निगडित असून मार्ग चालण्याच्या अनुभवातून निघालेली आहेत.

याउलट ‘मीटर’ आणि ‘सागरी मैल’ ही मापे खुद्द पृथ्वीवरून घेतलेली आहेत. अठराव्या शतकाच्या अखेरीस फ्रान्समध्ये मीटर ठरविताना उत्तर ध्रुवापासून विषुववृत्तापर्यंतच्या रेखावृत्ताचा एक कोट्यंश अशी त्याची कल्पना केली गेली. सागरी मैल म्हणजे पृथ्वीच्या परिघावरील एका कलेची, म्हणजे अंशाच्या साठाव्या भागाची, लांबी. १९२९ साली ती १,८५२ मीटर अशी निश्चित करण्यात आली. अशा रीतीने मापांचे दोन वर्ग पडतात. एक वर्ग चालणाऱ्याच्या बाजूने मोजतो, दुसरा पृथ्वीच्या बाजूने.

मापांप्रमाणेच विशेषणांतही हा भेद मराठीने राखला आहे. मात्र तो सहसा लक्षात येत नाही. ‘गाव दूर आहे’ आणि ‘गाव लांब आहे’ ही दोन्ही वाक्ये आपण समानार्थी म्हणून वापरतो. परंतु ‘वाट’ हा शब्द कर्तृस्थानी ठेवून पाहावा. ‘वाट लांब आहे’ याचा अर्थ चालावयाचे पुष्कळ आहे असा होतो. ‘वाट दूर आहे’ याचा अर्थ मात्र ती वाट येथून पलीकडे कोठेतरी आहे असा होतो. तिच्या लांबीविषयी ते वाक्य काहीच सांगत नाही. ‘दोरी लांब आहे’ आणि ‘दोरी दूर आहे’ या जोडीतही हेच दिसते. तेव्हा ‘लांब’ या शब्दात एखाद्या रेषेची, मार्गाची, व्याप्ती गृहीत आहे. ‘दूर’ या शब्दात दोन ठिकाणांचा वेगळेपणा तेवढा गृहीत आहे. यांवरून साधलेली क्रियापदे हा भेद अधिकच उघड करतात. प्रवास ‘लांबतो’, तो दुरावत नाही. माणसे ‘दुरावतात’, ती लांबत नाहीत.

‘अंतर’ हा शब्द या दोहोंवर पांघरूण घालतो. संस्कृतात त्याला आतला भाग, मधली जागा आणि भेद असे अर्थ आहेत. मराठीत दोन गावांतही अंतर असते, दोन मतांतही असते, आणि एखाद्याला ‘अंतर देणे’ म्हणजे त्याला टाकून देणे असाही अर्थ होतो. शब्दाची ही व्यापकता काव्याला पोषक आहे. मोजमापाला ती घातक आहे. म्हणून पुढील विवेचनात दोन बिंदूंमधील भूमितीय अंतरास ‘दूरता’ आणि प्रत्यक्ष आक्रमिलेल्या मार्गाच्या मापास ‘लांबी’ असे म्हटले आहे.

३. दूरता : मोठ्या वर्तुळाचा कंस

पुण्याचा विमानतळ लोहगाव येथे, हवाई दलाच्या तळावर आहे. त्याचे अक्षांश उत्तर १८.५८ व रेखांश पूर्व ७३.९२ आहेत. फ्रँकफुर्टच्या विमानतळाचे अक्षांश उत्तर ५०.०३ व रेखांश पूर्व ८.५७ आहेत. या चार संख्यांवरून दोहोंमधील दूरता निश्चित होते. आणखी कोणत्याही माहितीची गरज लागत नाही.

पृथ्वी गोल मानली तर तिच्या पृष्ठभागावरील दोन बिंदूंना जोडणारी सर्वांत आखूड रेषा म्हणजे त्या दोन बिंदूंतून जाणाऱ्या आणि पृथ्वीच्या केंद्राभोवती काढलेल्या मोठ्या वर्तुळाचा लहान कंस होय. त्या कंसाने केंद्राशी किती अंशांचा कोन केला हे काढले की काम झाले. त्यासाठीचे सूत्र असे : दोन्ही अक्षांशांच्या ज्यांचा गुणाकार करावा, दोन्ही अक्षांशांच्या कोज्या आणि रेखांशांतील फरकाची कोज्या यांचा गुणाकार करावा, दोहोंची बेरीज म्हणजे इष्ट कोनाची कोज्या. (येथे भाषाभ्यासकास एक गोष्ट आठवेल. ‘ज्या’ म्हणजे धनुष्याची दोरी; तिचा पर्याय ‘जीवा’ हा अरबीत गेला, तेथे तो अरबी लेखनपद्धतीमुळे ‘जैब’ म्हणजे वस्त्राचा गळा किंवा घडी असा वाचला गेला, आणि त्याचेच लॅटिन भाषांतर युरोपातील गणितात रूढ झाले. वाचनातील एका चुकीने धनुष्याच्या दोरीची वस्त्राची घडी झाली.)

प्रस्तुत उदाहरणात रेखांशांतील फरक ६५.३५ अंश आहे. दोन ज्यांचा गुणाकार ०.३१८६ गुणिले ०.७६६४, म्हणजे ०.२४४२. तीन कोज्यांचा गुणाकार ०.९४७९ गुणिले ०.६४२४ गुणिले ०.४१७१, म्हणजे ०.२५४०. बेरीज ०.४९८२. ज्या कोनाची कोज्या ०.५ असते तो कोन ६० अंशांचा. येथे बेरीज किंचित कमी आहे, म्हणून कोन किंचित मोठा, ६०.१२ अंशांचा आहे. एका अंशास सुमारे १११.२ किलोमीटर या प्रमाणात दूरता सुमारे ६,६८५ किलोमीटर, म्हणजे जवळजवळ ३,६०० सागरी मैल येते. पुणे आणि फ्रँकफुर्ट यांच्यामध्ये पृथ्वीच्या परिघाचा सहावा हिस्सा पसरलेला आहे, असे म्हणावयास हरकत नाही.

पृथ्वी नेमकी गोल नाही. विषुववृत्ताशी तिची त्रिज्या सुमारे ६,३७८ किलोमीटर, तर ध्रुवाशी सुमारे ६,३५७ किलोमीटर आहे. या चपटेपणामुळे वरील उत्तरात काही किलोमीटरांचा फरक पडतो. सूक्ष्म कामासाठी त्याची दुरुस्ती करतात. परंतु तत्त्वतः महत्त्वाची गोष्ट वेगळीच आहे. कंसाला आपण ‘सरळ रेषेतील अंतर’ म्हणतो; पण ती रेषा सरळ नाही. खरोखरीची सरळ रेषा लोहगावाहून जमिनीच्या पोटातून फ्रँकफुर्टला निघेल आणि ती सुमारे ६,३८० किलोमीटर भरेल. त्या रेषेने कोणीही जात नाही, म्हणून तिचा कोणी उल्लेखही करीत नाही. अर्थात ‘दूरता’ ही भूमितीय असली तरी तिच्यातसुद्धा ‘कोठून जाता येते’ या विचाराचा अंश शिरलेला आहेच.

४. नकाशावरील रेषा

भिंतीवरील जगाच्या नकाशावर पुणे आणि फ्रँकफुर्ट पट्टीने जोडल्यास वरील कंस मिळत नाही. गेरार्डस मर्केटर याने १५६९ साली काढलेल्या नकाशाच्या पद्धतीत पट्टीने काढलेली रेषा ही एकाच दिशेने जाण्याची रेषा असते. होकायंत्राचा काटा एका खुणेवर धरून जाणाऱ्या खलाशाला ती सोयीची होती. त्या रेषेने पुण्याहून उत्तरेच्या पश्चिमेस सुमारे ५९ अंशांचा रोख अखेरपर्यंत धरावा लागेल, आणि मार्ग सुमारे ६,८२० किलोमीटरांचा होईल. मोठ्या वर्तुळाच्या कंसावर मात्र निघताना रोख उत्तरेच्या पश्चिमेस सुमारे ४२ अंश असतो. तो हळूहळू वळत जाऊन फ्रँकफुर्टजवळ ८३ अंशांवर, म्हणजे जवळजवळ थेट पश्चिमेकडे येतो. नकाशावर हा मार्ग उत्तरेकडे फुगलेला दिसतो आणि पाहणाऱ्यास तो वळसा वाटतो; प्रत्यक्षात तोच सुमारे १३० किलोमीटरांनी आखूड असतो.

या कंसाखालचा प्रदेश ध्यानात घेण्यासारखा आहे. लोहगावाहून तो गुजरातवरून बलुचिस्तानात शिरतो, पूर्व इराण ओलांडतो, आणि कास्पियन समुद्राच्या नैर्ऋत्य कोपऱ्याशी, जेथे तालीश ही इराणी शाखेची भाषा बोलली जाते त्या भागात, त्याचा मध्य येतो. तेथून कॉकेशस पर्वत, काळ्या समुद्राचा ईशान्य भाग, क्रिमिया, दक्षिण युक्रेन आणि रुमानिया यांवरून तो मध्य युरोपात उतरतो. या यादीत ज्या देशांचा उल्लेख आला त्यांच्यावरूनच पुढील प्रश्न उपस्थित होतो.

५. लांबी : प्रत्यक्ष आक्रमिलेला मार्ग

वर काढलेला कंस ही शक्यता आहे. विमान त्यावरून जाईलच असे नाही. प्रत्येक देशाच्या भूमीवरील आकाश त्या देशाच्या सत्तेखाली असते, हे तत्त्व १९४४ सालच्या शिकागो कराराने मान्य केलेले आहे. त्यामुळे आकाशातही वाटा आहेत आणि त्या वाटांवर दरवाजे आहेत. २४ फेब्रुवारी २०२२ रोजी युद्ध सुरू होताच युक्रेनचे आकाश नागरी विमानांस बंद झाले, आणि वरील कंसाचा क्रिमियापासून रुमानियापर्यंतचा तुकडा निरुपयोगी झाला. २०१९ साली फेब्रुवारीअखेरपासून जुलैच्या मध्यापर्यंत पाकिस्तानच्या आकाशातील बहुतेक वाटा बंद होत्या. २४ एप्रिल २०२५ रोजी त्या देशाने आपले आकाश भारतीय विमानकंपन्यांपुरते पुन्हा बंद केले. अशा प्रसंगी दोन विमानतळांचे अक्षांश-रेखांश होते तेथेच राहतात, दूरता तसूभरही बदलत नाही. मार्ग मात्र लांबतो.

राजकारण बाजूस ठेवले तरी लांबी आणि दूरता यांचा मेळ क्वचितच बसतो. विमानाला उड्डाणानंतर आणि उतरण्यापूर्वी ठरावीक वळणे घ्यावी लागतात. मधला मार्ग नेमून दिलेल्या बिंदूंवरून जातो. उंच आकाशात पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारे वेगवान वारे हिवाळ्यात विशेष प्रबळ होतात, त्यामुळे पश्चिमेस जाण्यास लागणारा वेळ परतीच्या वेळेहून अधिक असतो. कित्येकदा वैमानिक मुद्दाम लांबचा मार्ग पत्करतो, कारण वाऱ्याच्या दृष्टीने तो लवकर संपणारा असतो.

याशिवाय मार्ग अस्तित्वात आहे की नाही हा प्रश्न उरतोच. पुण्याहून फ्रँकफुर्टला थेट विमानसेवा २००८ साली लुफ्तान्सा कंपनीने सुरू केली. पुणे परिसरातील जर्मन उद्योगांशी असलेला संबंध हे तिचे प्रयोजन होते; २००९ साली चाकण येथे फोक्सवॅगनचा कारखाना सुरू झाला. पुढे ती सेवा बंद पडली. त्या दिवसापासून निगडीच्या प्रवाशाला फ्रँकफुर्टची वाट मुंबई, दिल्ली किंवा एखाद्या आखाती शहरावरून शोधावी लागली. खुद्द निगडीपासून लोहगाव सरळ रेषेत सतरा-अठरा किलोमीटर आहे, पण रस्ता वस्त्या आणि लष्करी हद्दी यांमधून वळत जातो. आणि गर्दीच्या वेळी त्याची लांबी किलोमीटरांत सांगण्यापेक्षा तासांत सांगणेच अधिक सयुक्तिक ठरते.

६. मुंबई आणि लोद

दूरता एकच असूनही लांबी किती भिन्न असू शकते, याचे सर्वांत बोलके उदाहरण मराठीच्या इतिहासाशी निगडित आहे. तेल अवीवचा बेन गुरियन विमानतळ वस्तुतः लोद या गावाजवळ आहे. १९७३ पर्यंत त्याचे नावही लोदचेच होते. याच लोद गावात, तसेच रामला, अश्दोद, बीरशेबा, दिमोना येथे कोकणातून गेलेल्या बेने इस्राएल समाजाची वस्ती आहे. कुलाबा जिल्ह्यात, म्हणजे आजच्या रायगडात, तेलाचे घाणे चालविणारा आणि शनिवारी काम बंद ठेवणारा म्हणून ‘शनिवार तेली’ या नावाने ओळखला गेलेला हा समाज मराठी भाषक. १९४८ नंतरच्या दोन दशकांत त्यातील पुष्कळ कुटुंबे इस्राएलला गेली. गावांच्या नावांना ‘कर’ जोडून झालेली आडनावे त्यांनी बरोबर नेली. ‘मायबोली’ नावाचे मराठी नियतकालिकही तेथून निघाले.

मुंबई ते बेन गुरियन ही दूरता वरच्याच सूत्राने ३६.४ अंश, म्हणजे सुमारे ४,०५० किलोमीटर येते. दिल्ली ते बेन गुरियन ही दूरता काढली असता तीही ३६.४ अंशच येते. मुंबई आणि दिल्ली ही दोन शहरे एकमेकांपासून अकराशेहून अधिक किलोमीटरांवर असताना लोदपासून मात्र ती जवळजवळ सारख्याच दूरतेवर आहेत. कोष्टकात दोहोंपुढे एकच आकडा लिहावा लागेल.

आता मार्ग पाहू. मुंबईचा कंस अरबस्तानाच्या बाजूने जाणारा. परंतु सौदी अरेबियाने इस्राएलला जाणाऱ्या-येणाऱ्या विमानांस आपले आकाश दीर्घकाळ नाकारले होते. म्हणून तेल अवीवहून मुंबईस येणारे एल आल कंपनीचे विमान एलातवरून तांबड्या समुद्रात उतरे, आफ्रिकेच्या बाजूने दक्षिणेस जाऊन बाब-एल-मांदेबच्या सामुद्रधुनीशी वळे, आणि एडनचे आखात व अरबी समुद्र ओलांडून मुंबईस पोचे. एलात, तिरानची सामुद्रधुनी, बाब-एल-मांदेब आणि सोकोत्रा बेटाच्या उत्तरेचा एक बिंदू असे टप्पे धरून हा मार्ग नकाशावर मोजला असता तो सुमारे ५,६५० किलोमीटर भरतो. म्हणजे दूरतेहून सुमारे १,६०० किलोमीटर, चाळीस टक्के, अधिक.

२२ मार्च २०१८ रोजी एअर इंडियाचे विमान दिल्लीहून ओमान व सौदी अरेबिया यांच्या आकाशातून तेल अवीवला गेले. इस्राएलकडे जाणाऱ्या नियमित प्रवासी विमानास सौदी अरेबियाने दिलेली ही पहिली अनुज्ञा. सुमारे दोन तासांची बचत होत असल्याचे त्या वेळी सांगण्यात आले. आपल्याला तीच वाट मोकळी नसताना प्रतिस्पर्ध्याला ती मिळाली, या कारणास्तव एल आलने इस्राएलच्या सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली. अंतराविषयीचा भूमितीचा प्रश्न अशा रीतीने न्यायालयाच्या पायरीपर्यंत गेला. १५ जुलै २०२२ रोजी सौदी अरेबियाने सर्व कंपन्यांच्या विमानांस आपले आकाश मोकळे केले. तथापि ओमानचे आकाश मिळेपर्यंत पूर्वेकडे जाण्यास त्याचा उपयोग नव्हता. तेही २३ फेब्रुवारी २०२३ रोजी मोकळे झाले.

मार्च २०१८ ते फेब्रुवारी २०२३ या कालखंडात, म्हणजे, लोदपासून समान दूरतेवरील दोन शहरांना दोन भिन्न लांबीचे मार्ग होते. आणि कोणता मार्ग मिळणार हे विमानाच्या शेपटीवरील चिन्हावर अवलंबून होते. ज्याच्या कोष्टकात केवळ दूरता आहे, त्याला हा भेद दिसणारच नाही.

७. बोलींच्या अंतराकडे

वरील विवेचनाचा बोलीशास्त्राशी संबंध येथे येतो. फ्रेंच अभ्यासक झाँ सेगी याने गॅस्कनीच्या बोलींच्या नकाशांवरून १९७१ साली असे दाखविले की, दोन गावे जसजशी दूर होत जातात तसतसा त्यांच्या शब्दसंग्रहांतील भेद वाढतो; मात्र ही वाढ सारख्या गतीने होत नाही. आरंभी ती झपाट्याने होते, पुढे मंदावते. या संशोधनापासून बोलीभेदांचे संख्याशास्त्रीय मापन करणारी एक शाखाच सुरू झाली. तीत भाषिक भेदासमोर मांडावयाचे भौगोलिक अंतर हे बहुधा नकाशावरील सरळ अंतर, म्हणजे वर ज्याला दूरता म्हटले ते, असे.

२००४ साली शार्लोट गूस्केन्स यांनी नॉर्वेच्या बोलींविषयी वेगळी तपासणी केली. नॉर्वे हा डोंगरांचा आणि खोल खाड्यांचा देश. त्यांनी दूरतेबरोबरच दोन प्रकारचे प्रवासकाळ घेतले : एक आजचा आणि दुसरा इ. स. १९०० च्या सुमाराचा. बोलीभेदाशी सर्वांत चांगला मेळ जुन्या प्रवासकाळाचा बसला. बोली आजच्या रस्त्यांनी घडलेल्या नाहीत. आजोबा-पणजोबा ज्या वाटांनी बाजाराला आणि सोयरिकीला गेले, त्या वाटांनी त्या घडल्या आहेत. ‘लांब’ या विशेषणात वाट गृहीत असते हे जे वर सांगितले, त्याचे शास्त्रीय प्रत्यंतर येथे मिळते.

महाराष्ट्रात हा विचार विशेष अगत्याचा आहे. भोरहून पुणे सरळ रेषेत सुमारे ४१ किलोमीटर, आणि भोरहून महाड सुमारे ४६ किलोमीटर. कोष्टकात दोन्ही आकडे शेजारी शेजारी बसतील. परंतु पुण्याकडे जाताना कात्रजचा घाट सोडल्यास मोठा अडथळा नाही. महाडकडे जाताना सह्याद्रीचा कडा वरंध घाटाने उतरावा लागतो आणि पावसाळ्यात ती वाट आजही बेभरवशाची असते. ग्रियर्सनच्या भाषासर्वेक्षणाचा मराठीविषयक सातवा खंड १९०५ साली प्रसिद्ध झाला; अ. मा. घाटगे यांच्या मराठी बोलींच्या सर्वेक्षणमालेत १९६० नंतरच्या दशकात महाडच्या कुणबी बोलीवर स्वतंत्र पुस्तक निघाले. या सामग्रीवर आधारून जो कोणी देश आणि कोकण यांच्या बोलींतील भेद संख्यांनी मांडू पाहील, त्याने भोर–पुणे आणि भोर–महाड यांना समान अंतरावर धरल्यास सह्याद्री त्याच्या गणितातून नाहीसा होईल. मग महाडकडील अधिक भेदाचे कारण शोधताना तो जात, व्यवसाय, स्थलांतर अशा कारणांकडे वळेल, आणि कदाचित डोंगराने केलेले काम भलत्याच गोष्टीच्या नावावर मांडील.

याची दुसरी बाजूही लक्षात ठेवावयास हवी. मार्गाची लांबी नेहमीच अधिक खरी, असाही निष्कर्ष काढता येत नाही. लोद येथील मराठीचा विचार करताना २०२३ साली विमानाचा मार्ग आखूड झाला, म्हणून ती मराठी मुंबईच्या मराठीला अधिक जवळ आली असे कोणी म्हणणार नाही. तेथील भाषेचे भवितव्य मुलांच्या शाळेची भाषा हिब्रू आहे, घरात आजी कोणाशी मराठीत बोलते, आणि पत्र, पुस्तक, ध्वनिफीत, दूरध्वनी यांतून कोणती मराठी तेथवर पोचली, यांवर ठरत आले आहे. ज्या माध्यमाने भाषा प्रवास करते त्या माध्यमाची वाट मोजली पाहिजे. कोकणातल्या दोन खेड्यांत ती पायवाट असेल, बंदरा-बंदरांत ती गलबताची वाट असेल, आणि निगडी व फ्रँकफुर्ट येथील घरांत ती रोज रात्री लागणाऱ्या दूरध्वनीची असेल. शेवटच्या उदाहरणात किलोमीटरांना जवळजवळ अर्थच उरत नाही. साडेतीन किंवा साडेचार तासांचा घड्याळातील फरक तेवढा उरतो.

८. समारोप

वरील चर्चेवरून तीन नियम सुचविता येतात. पहिला, अंतर सांगताना ते कोणत्या दोन बिंदूंमधील आहे हे सांगावे : शहर की विमानतळ, गावाची चावडी की तालुक्याचे ठिकाण. दुसरा, कोणती रेषा मोजली हे सांगावे : मोठ्या वर्तुळाचा कंस, प्रत्यक्ष वाट की प्रवासकाळ. तिसरा, ती वाट कोणत्या साली तशी होती हे सांगावे. कारण दूरतेला तारीख नसते, लांबीला ती असते. यांतील पहिले दोन नियम बहुतेक अभ्यासक पाळतात, तिसरा सहसा विसरला जातो.

निगडीतील त्या घरात मिळालेली तिन्ही उत्तरे मग आपापल्या जागी बरोबर ठरतात. पहिले पृथ्वीविषयी आहे आणि ते बदलणार नाही. दुसरे वाटेविषयी आहे आणि ती वाट कोणाच्या तरी आज्ञेने उद्या लांबू शकते. तिसरे माणसांविषयी आहे. मार्ग लांबला की माणसे दुरावतातच असे नाही, आणि मार्ग आखूड झाला म्हणून ती जवळ येतातच असेही नाही. या दोहोंत नेमके काय नाते आहे, हे प्रत्येक बोलीसाठी आणि प्रत्येक काळासाठी स्वतंत्रपणे मोजूनच ठरवावे लागेल.